रब्बी ज्वारीवरील चिकटा : मावा व तुडतुडे यांच्या संख्येतील हंगामी चढउतार

सोलापूर, अहिल्यानगर, बीड व धाराशिव हे जिल्हे आणि पुणे, सातारा व सांगली या जिल्ह्यांचा पूर्वेकडील कोरडवाहू भाग येथे रब्बी ज्वारी हे अन्नाचे व वैरणीचे मुख्य पीक होय. हस्ताच्या पावसावर पेरलेले हे पीक पुढे जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते आणि माघ-फाल्गुनात काढणीस येते. त्याचे धान्य घरात वर्षभर खाल्ले जाते व त्याच्या कडब्यावर दावणीची जनावरे उन्हाळा काढतात. अशा पिकावर निसव्याच्या किंवा दाणे भरण्याच्या सुमारास चिकटा पडला म्हणजे धान्य व कडबा या दोहोंचे एकदमच नुकसान होते. दाणा बारीक राहतो, पाने काळी पडतात आणि एरवी शेकड्याच्या भावाने हातोहात खपणारा मालदांडीचा कडबा घेताना गिऱ्हाईक नाक मुरडते.

'चिकटा पडला' हा शब्दप्रयोगच लक्षात घेण्यासारखा आहे. दव पडते, गारा पडतात, तसा चिकटाही वरून पडतो अशी समजूत त्यात दडलेली आहे. ती निराधार नाही. दोन-चार दिवस आभाळ येते, ऊन दिसत नाही, आणि नंतर रानात गेले असता पाने तेल चोपडल्यासारखी चकाकत असतात; तेव्हा आभाळ व चिकटा यांचा संबंध जोडला जाणे स्वाभाविकच आहे. तथापि चिकटा हा आभाळातून येत नाही व तो स्वतंत्र रोगही नव्हे. ज्वारीचा रस शोषणाऱ्या बारीक किडींच्या शरीरातून बाहेर पडणारा तो साखरयुक्त स्राव होय. ज्वारीच्या रसात साखर पुष्कळ व प्रथिनांना लागणारी द्रव्ये थोडी असतात. ही थोडी द्रव्ये मिळविण्यासाठी किडीला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस ओढावा लागतो आणि जास्तीची साखर ती पातळ थेंबांच्या रूपाने टाकून देते. वरच्या पानाखाली बसलेल्या किडींचे हे थेंब खालच्या पानाच्या पाठीवर साचतात. त्या साखरेवर पुढे काळी बुरशी वाढते व पान काजळी धरल्यासारखे दिसू लागते.

यावरून एक गोष्ट उघड होते. पाने चकाकू लागण्याइतका स्राव साचण्यास किडींची संख्या मोठी असावी लागते, आणि ती एका रात्रीत मोठी होत नाही. चिकटा दिसतो त्या दिवसापूर्वी निदान तीन-चार आठवडे कीड त्या शेतात वावरत असते. उपायाचा खरा काळ तो. परंतु त्या काळात शेत वरवर पाहणाऱ्यास निरोगीच दिसते.

तीन किडी

या स्रावास मुख्यत्वे तीन किडी कारणीभूत होतात. तिन्ही सोंडेने रस शोषतात. पण त्यांच्या राहण्याच्या जागा व येण्याचे दिवस निरनिराळे आहेत. सर्वांना सरसकट मावा म्हटल्यामुळे पुष्कळदा पाहणी भलत्याच जागी केली जाते.

पहिला, पोंग्यातील मावा. याचे शास्त्रीय नाव ऱ्होपालोसिफम मेडिस असे असून तो मक्यावरही मोठ्या प्रमाणात येतो. रंग निळसर हिरवा, पाय काळसर. पोंग्यातील गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत तो दाटीने राहतो. पोंगा उलगडून पाहिल्याशिवाय तो दृष्टीस पडत नाही. कणीस बाहेर पडले की त्याचा आडोसा नाहीसा होतो व त्याची संख्या आपोआप घटू लागते.

दुसरी कीड तुडतुडे. शास्त्रीय नाव पेरेग्रिनस मेडिस. हे पोंग्यात व पानांच्या बेचक्यांत राहतात आणि हात लागताच चटकन उड्या मारतात. मादी पानाच्या मध्यशिरेत चीर पाडून आत अंडी घालते व ती जागा पांढऱ्या मेणासारख्या पदार्थाने झाकते. मध्यशिरेवर असे पांढरे ठिपके दिसल्यास तुडतुडे आले असे खुशाल समजावे. अंड्यांतून आठवडा-दहा दिवसांत पिल्ले निघतात, ती पाच वेळा कात टाकतात, आणि साधारणतः महिन्यात एक पिढी पुरी होते. यांच्यात लांब पंखांचे व आखूड पंखांचे असे दोन प्रकार असतात. शेत कोवळे व अन्न भरपूर असले म्हणजे आखूड पंखांच्या माद्या वाढतात, त्या उडून न जाता तेथेच वीण वाढवितात. दाटी झाली वा पीक वाळू लागले की लांब पंखांचे तुडतुडे निर्माण होऊन दुसऱ्या शेताकडे निघून जातात. तुडतुड्यांचे आणखी एक वाईट काम म्हणजे ज्वारीवरील पट्टे पडणाऱ्या विषाणुरोगाचा प्रसार. या रोगाची झाडे खुजी राहतात, पानांवर फिकट पिवळे पट्टे दिसतात आणि कणीस एक तर येत नाही किंवा आले तरी भरत नाही. अशी झाडे फवारणीने सुधारत नाहीत. ती दिसताच उपटून टाकावीत.

तिसरा, आणि चिकट्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, पिवळा मावा. शास्त्रीय नाव मेलानाफिस सॅकॅराय. अंग फिकट पिवळे, मागील बाजूस दोन काळसर आखूड नळ्या. हा पोंग्यात न राहता पानाच्या खालच्या बाजूस राहतो. त्याची सुरुवात जमिनीलगतच्या जुन्या पानांपासून होते व तो एकेक पान वर चढत जातो. उसावरही तो वर्षभर थोड्याबहुत प्रमाणात सापडतो. उसावरील लोकरी मावा, ज्याचा उद्रेक २००२ साली सांगली भागात प्रथम झाला, तो निराळा. दोहोंची गल्लत करू नये.

वाढीचा हिशेब

माव्याची वीण समजून घेतल्याखेरीज त्याच्या संख्येतील चढ ध्यानात येणार नाही. आपल्याकडील हवामानात हे दोन्ही मावे अंडी घालण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शेतात आढळणारा जवळजवळ प्रत्येक मावा मादी असतो, तिला नराची गरज नसते आणि ती थेट जिवंत पिल्ले देते. हवा मानवली तर पिल्लू आठवड्याच्या आत-बाहेर वयात येऊन स्वतः पिल्ले देऊ लागते.

केवळ हिशेबापुरते असे धरू की, माव्याची संख्या दर चार दिवसांनी दुप्पट होते. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी एका ताटावर २० मावे असतील तर चार दिवसांनी ४०, आठ दिवसांनी ८०, बारा दिवसांनी १६०. येथवर शेतकऱ्याच्या लक्षात काही येत नाही. सोळा दिवसांनी ३२०, वीस दिवसांनी ६४०, चोवीस दिवसांनी १,२८० आणि अठ्ठावीस दिवसांनी २,५६०. पहिल्या बारा दिवसांत १४० मावे वाढले, शेवटच्या चार दिवसांत १,२८०. हंगामाच्या शेवटी मावा 'एकाएकी' येतो असे जे वाटते त्याचे कारण या हिशेबात आहे. त्या शेवटच्या चार दिवसांत आभाळ आलेले असेल तर सारा दोष आभाळाच्या माथी जातो.

प्रत्यक्ष शेतात वाढ इतकी सरळ होत नाही. थंडीची लाट आली की वेग मंदावतो, मित्रकीटक वाढले की मावा घटतो, पाऊस झाला की बराच धुऊन जातो. तरीही आरंभीची संथ व मागाहूनची झपाट्याची वाढ हा क्रम सहसा बदलत नाही.

आश्विनापासून माघापर्यंत

सप्टेंबरच्या उत्तरार्धात वा ऑक्टोबरच्या आरंभी पेरलेली ज्वारी उगवून येते तेव्हा शेजारची खरीप ज्वारी व मका पक्व होऊ लागलेली असतात. पीक वाळू लागले की त्यावरील माव्यांना पंख फुटतात. हे पंखांचे मावे दुबळे उडणारे असले तरी वाऱ्याबरोबर ते दूरवर जातात आणि कोवळ्या रब्बी ज्वारीवर उतरतात. तुडतुडेही याच सुमारास येतात. या काळात शेतकऱ्याचे सारे लक्ष खोडमाशीकडे असते व ते योग्यच होय; कारण पोंगेमर होऊन रोपे मेली तर पुढचे सर्व प्रश्न मिटतात. बियाण्यास कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असल्यास खोडमाशीबरोबर आरंभीच्या रस शोषणाऱ्या किडींनाही पहिले तीन-चार आठवडे आळा बसतो. मात्र ही प्रक्रिया डिसेंबरात कामी येईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

नोव्हेंबर हा पोंग्याचा महिना. पीक गुडघ्याहून उंच होते, पोंगा भरदार असतो व त्यात निळसर मावा आणि तुडतुडे यांचा जम बसतो. दिवाळी उरकली की आठवड्यातून एकदा काही ताटांचे पोंगे हाताने उलगडून पाहण्यास सुरुवात करावी. पोंग्यातील वरचे पान पिवळे पडून वाळू लागले, किंवा पोटरीतून कणीस बाहेर येताना अडकू लागले, तर तुडतुड्यांची संख्या प्रमाणाबाहेर वाढली असे जाणावे. मुंग्यांकडेही लक्ष द्यावे. चिकट स्रावाच्या गोडीने मुंग्या येतात आणि त्या बदल्यात माव्याला खाणाऱ्या कीटकांना त्रास देऊन हुसकावतात. ताटावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली तर तिचा माग काढावा. ती माव्यापर्यंत नेते.

डिसेंबरात पीक पोटरीत येते व निसवू लागते. पोंगा उघडल्यामुळे पहिल्या दोन किडी ओसरतात आणि पिवळ्या माव्याची पाळी येते. त्याला हे दिवस फार मानवतात. सोलापूरच्या बाजूस या महिन्यात दुपारचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास व पहाटेचे १५ अंशांच्या आसपास असते. पाऊस जवळजवळ नसतो, म्हणजे धुऊन जाण्याची भीती नाही. आणि झाड आपल्या पानांतील अन्न कणसाकडे वळवीत असल्याने रस सकस असतो. प्रथम शेतात ठिकठिकाणी, बहुधा बांधाकडेच्या ताटांवर, खालच्या दोन-तीन पानांखाली लहान वसाहती दिसतात. त्यांतूनच पुढे सबंध शेत भरते.

डिसेंबरअखेर ते जानेवारी हा माव्याच्या संख्येच्या शिखराचा काळ होय. धाराशिव, लातूर व सोलापूर या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसीला, सारे घर रानात जाते. ताटांची कोप करून पूजा होते आणि त्या निमित्ताने घरातील वडीलधारी माणसेही पिकातून हिंडतात. चिकटा प्रथम दिसल्याची वार्ता पुष्कळ घरांत याच दिवशी येते. ती येते तेव्हा माव्याचा महिनाभराचा चढ संपत आलेला असतो.

याच ठिकाणी पेरणीच्या वेळेचे महत्त्व कळून येते. माव्याचे शिखर बहुतांशी हवामानाच्या हिशेबाने येते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पेरलेल्या ज्वारीचे दाणे त्या वेळी बऱ्याच अंशी भरलेले असतात. ऑक्टोबरच्या अखेरीस पेरलेली ज्वारी मात्र नेमकी पोटरी-फुलोऱ्यात सापडते. कीड तितकीच, पण नुकसान अधिक. वाफसा लवकर न आल्यामुळे पेरणी लांबली असेल तर तो इलाज नसलेला भाग आहे. अशा शेताची पाहणी मात्र अधिक दक्षतेने करावी. उलट, सप्टेंबरच्या मध्याआधी पेरणी उरकण्याची घाईही करू नये, कारण मग खोडमाशी आटोपत नाही.

नत्राचाही येथे संबंध येतो. शिफारशीपेक्षा जास्त युरिया दिलेले पीक हिरवेगार, रसरशीत दिसते आणि माव्यालाही तेच हवे असते. पाण्याची सोय असलेल्या शेतात वरखताचा हात सैल सुटतो व चिकटा तेथेच अधिक का, असा प्रश्न मागाहून विचारला जातो. कोरडवाहू शेतात अडचण निराळी. तेथे जानेवारीत ओल संपत आलेली असते, खडखड्या रोगाची धास्ती असतेच, आणि दाणा भरण्यासाठी झाड आपल्या ताटातील साठा वापरत असते. माव्याने त्यातच वाटा घेतला तर ताट आणखी दुबळे होते.

आभाळाचा संबंध किती?

नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे वा वादळे निर्माण झाली की त्यांचे ढग सोलापूर व मराठवाड्यापर्यंत येतात. अशा दिवसांत रात्रीची थंडी कमी होते व हवेत दमटपणा वाढतो. रात्र उबदार राहिल्याने माव्याच्या वाढीतील पहाटेचा खंड कमी होतो. चिकट स्राव वाळत नाही, त्यामुळे तो डोळ्यांना दिसतो व त्यावर काळी बुरशी भराभर वाढते. ऊन नसल्याने माव्यावर उपजीविका करणाऱ्या माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे इवले कीटकही मंद होतात. एवढा आभाळाचा वाटा. ज्या शेतात मावा नाही त्या शेतात आठ दिवस आभाळ राहिले तरी चिकटा येणार नाही. आणि आभाळाबरोबर चांगली सर आली तर पुष्कळ मावा धुऊन जाऊन चिकट्याऐवजी फायदाच पदरात पडतो, हाही अनुभव जुन्या शेतकऱ्यांना आहेच.

उतार

माव्याच्या चढाइतकाच त्याचा उतार अभ्यासण्यासारखा आहे आणि शेतकऱ्याचा पैसा वाया जातो तो बहुतेक या उताराच्या वेळी.

मावा वाढला की त्याला खाणारेही वाढतात. परंतु थोडे मागाहून. ढालकिड्यांत सहा ठिपक्यांचा व सात ठिपक्यांचा असे दोन प्रकार ज्वारीत नेहमी आढळतात. तांबूस-पिवळे, काळ्या ठिपक्यांचे, अर्ध्या हरभऱ्याएवढे हे भुंगेरे सर्वांच्या ओळखीचे असतात. पण त्यांची राखी-काळी, मगरीच्या आकाराची अळी ओळखीची नसते, आणि तीच अधिक खादाड असते. ही अळी पिकाचा शत्रू समजून चिरडली जाते. सिरफिड माशीची पाय नसलेली, चपटी, हिरवट अळी माव्याच्या वसाहतीत पडून राहून एकामागून एक मावा शोषते. हिरव्या जाळीदार पंखांचा क्रायसोपर्ला नाजूक देठांवर अंडी घालतो. त्याची अळीही माव्यावरच जगते. याखेरीज काही इवले परोपजीवी कीटक माव्याच्या शरीरात अंडी घालतात. असा मावा फुगून तपकिरी वा काळसर होतो व पानाला चिकटून मरतो. पानाखाली असे फुगीर, न हालणारे मावे दिसू लागले की उतार जवळ आला असे समजावे.

ढालकिड्याची एक पिढी पुरी होण्यास साधारण तीन आठवडे लागतात, तर माव्याची आठवड्यात होते. म्हणून मित्रकीटक नेहमी मागे राहतात. पण एकदा त्यांनी गाठले म्हणजे पंधरवड्यात शेत साफ होते. त्यांच्या जोडीला फेब्रुवारीतील ऊन येते. दुपारचे तापमान पस्तिशीकडे सरकू लागले की माव्याची वीण घटते. पीक पक्व होऊन पाने वाळतात, रस मिळेनासा होतो, उरलेल्या माव्यांना पंख फुटतात व ते निघून जातात.

आता या वेळी, जानेवारीच्या उत्तरार्धात, चिकटा पाहून घाबरलेला शेतकरी फवारणी करतो. आठ दिवसांनी मावा नाहीसा होतो व औषध लागू पडले असे त्याला वाटते. शेजाऱ्याच्या न फवारलेल्या शेतातूनही तो त्याच आठवड्यात गेलेला असतो. पण तिकडे कोणी पाहत नाही. औषध, मजुरी व पाणी यांचा खर्च झाला तो झालाच. शिवाय त्या शेतातील ढालकिडे मेले, जे पुढे शेजारच्या गव्हावर वा करडईवर जाऊन तेथील मावा खाणार होते.

पैशाहून गंभीर बाब पुढे आहे. याच दिवसांत हुरडा खाल्ला जातो. फवारलेल्या शेतातील कणसे कोवळेपणी भाजून खाणे म्हणजे विषाचा अंश घरातील मुलांच्या हाती देणे होय. हिरवी पाने व बाटूक जनावरांना घातले जाते, तेथेही तोच धोका. आणि या वेळी ज्वारी पुरुषभर उंच झालेली असते. फवाऱ्याची नळी डोक्याच्या वर धरावी लागते व औषधाचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर, तोंडावर येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कापसात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. ज्वारीचे उंच पीक त्या बाबतीत कापसापेक्षा सोयीचे मुळीच नाही.

अमेरिकेतील अनुभव

पिवळा मावा शिखराला पोचण्याआधी त्याच्यावर नजर ठेवणे किती आवश्यक आहे, याचे मोठे उदाहरण अलीकडे अमेरिकेत घडले. तेथे हा मावा उसावर पूर्वीपासून होता. ज्वारीस त्याचा विशेष उपद्रव नव्हता. २०१३ साली टेक्सास व लुइझियाना या दक्षिणेकडील राज्यांत तो प्रथम ज्वारीवर मोठ्या प्रमाणात आला आणि २०१५ अखेर तो सतरा राज्यांत पसरला. कणसे इतकी चिकट झाली की कापणी-मळणीची यंत्रे अडकून पडू लागली. उत्तरेकडील कडक हिवाळ्यात हा मावा टिकत नाही. दक्षिणेकडे मात्र तो बरू गवतावर व कापणीनंतर फुटलेल्या ज्वारीच्या फुटव्यांवर तग धरतो आणि दरवर्षी वाऱ्याबरोबर पुन्हा उत्तरेकडे सरकत जातो. तेथील कृषी विस्तार सेवेने ठरवून दिलेली मर्यादा म्हणजे एका पानावर सरासरी ५० ते १२५ मावे. त्याहून कमी असताना फवारू नये, व ही मर्यादा ओलांडल्यावर थांबू नये, असा सल्ला दिला गेला. तेथील जाती, पिकाचा काळ व यंत्राची शेती निराळी असल्याने हा आकडा येथे जसाच्या तसा घेता येणार नाही; मोजून मग ठरविण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळा आहे, आणि माव्याच्या दृष्टीने तोच अडचणीचा काळ होय. एप्रिल-मेमध्ये तो पाण्याखालील कडवळावर, चाऱ्याच्या मक्यावर, उसावर व पाटाकडेच्या बरू गवतावर थोड्या संख्येने जीव धरून राहतो. खरिपात जोराच्या पावसाने त्याला डोके वर काढता येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात उघडीप पडली की तो खरीप ज्वारीवर व मक्यावर वाढतो आणि तेथून पुन्हा रब्बी ज्वारीकडे येतो. हे चक्र अखंड आहे.

पाहणीची रीत व उपाय

नोव्हेंबरच्या मध्यापासून दर आठवड्यास, शक्यतो ठरावीक वारी, शेतात नागमोडी चालत जावे व पाच ठिकाणी प्रत्येकी दहा ताटे पाहावीत. यांतील एक ठिकाण बांधालगत असावे. डिसेंबरपर्यंत पोंगा व बेचके, डिसेंबरपासून खालची तीन-चार पाने उलटी करून पाहावीत. पन्नासपैकी किती ताटांवर मावा आहे, आणि किती ताटांवर ढालकिडे, त्यांच्या अळ्या वा फुगीर मेलेले मावे आहेत, हे दोन आकडे वहीत लिहावेत. एवढे काम अर्ध्या तासात होते. घरातील शाळकरी मूल ते मोठ्या आवडीने करील.

समजा, एका आठवड्यात ५० पैकी ८ ताटांवर मावा आढळला व दुसऱ्या आठवड्यात १९ ताटांवर. मित्रकीटक मात्र दोन्ही वेळा एक-दोनच ताटांवर. पीक पोटरीत आहे. येथे चढ चालू आहे व त्याला अडविणारा कोणी नाही. उपाय ताबडतोब करावा. दुसऱ्या एका शेतात ३० ताटांवर मावा आहे, पण मागील आठवड्यातही तो ३१ ताटांवर होता आणि मित्रकीटक ४ ताटांवरून १७ ताटांवर गेले आहेत. येथे मावा अधिक असूनही हात आखडता घेणे शहाणपणाचे ठरेल. आणखी आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. नुसती आजची संख्या पाहून निर्णय घेतला असता तर दोन्ही शेतांत नेमकी उलट कृती झाली असती.

मावा जागोजाग थोडा असतानाच उपाय केल्यास सबंध शेत फवारावे लागत नाही. लागण झालेली खालची पाने काढून बाहेर नेऊन पुरावीत व तेवढ्या पट्ट्यावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीचा चुरा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवावा. सकाळी अर्क फडक्याने गाळून त्यात साबणाचे पाणी मिसळावे व एकूण द्रावण १०० लिटर करावे. फवारा पानाच्या खालच्या बाजूस पोचला पाहिजे, नाही तर श्रम फुकट जातात. हवा ढगाळ व दमट असेल तर लेकॅनिसिलियम या किडींवर वाढणाऱ्या बुरशीचे तयार औषध उपयोगी पडते. आभाळाचे दिवस माव्याप्रमाणे या बुरशीलाही मानवतात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या पथ्यावर पडणारी आहे.

एवढ्याने भागले नाही आणि पीक अजून पोटरीत वा फुलोऱ्यात असेल तरच रासायनिक कीटकनाशकाचा विचार करावा. डब्यावरील माहितीत ज्वारी व मावा यांची नावे छापलेली आहेत, असेच औषध घ्यावे व काढणीपूर्वी किती दिवस फवारू नये हेही तेथेच वाचावे. जुन्या पुस्तिकांतील शिफारशी पाठ असणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. त्यांतील बी.एच.सी.वर १९९७ साली, एंडोसल्फानवर २०११ साली आणि मिथाइल पॅराथिऑनवर २०१८ साली बंदी आली. फॉस्फामिडॉनही २०२० अखेर बंद झाले. ज्या शेतात हुरडा खाल्ला जाणार असेल त्याचा तेवढा भाग फवारणीतून अगोदरच वगळून, खूण करून ठेवावा. फवारणी सकाळी, वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकत, तोंड, डोळे व हात झाकूनच करावी. उपाशीपोटी करू नये.

चिकटा पडून गेलेल्या शेताचा कडबा काढणीनंतर पेंढ्या बांधण्यापूर्वी उन्हात चांगला वाळू द्यावा. ओलसर, चिकट पेंढ्यांची गंज रचल्यास आतून बुरशी धरते. काळी पडलेली पाने जनावरे बाजूला सारतात; तेव्हा असा कडबा कुट्टी करून चांगल्या कडब्यात थोडा थोडा मिसळून लवकर संपवावा आणि स्वच्छ कडबा पावसाळ्याच्या तोंडासाठी मागे ठेवावा. रब्बीचे शेत मोकळे झाल्यावर बांधावरील व पाटाकडेचे बरू गवत मुळासकट खणून काढावे. हे काम मे महिन्यात जमीन तापलेली असताना केल्यास त्याचे कंद वाळून जातात व ते पुन्हा फुटण्याचा संभव कमी राहतो.